बोनसमधली सायकल की हप्त्यावरची?

प्रश्न : वय 34. राहायला पुण्यात धायरीत, ऑफिस सेनापती बापट रोडला. हातात पगार 58,000 येतो. गृहकर्जाचा हप्ता 21,500, घरखर्च साधारण 26,000, एसआयपी 5,000. बँकेत 90,000 शिल्लक आहेत आणि दिवाळीचा 35,000 बोनस नुकताच जमा झालाय. या थंडीपासून आठवड्यातून तीन दिवस सायकलने ऑफिसला जायचं आणि रविवारी पहाटे खडकवासल्याची चक्कर मारायची, असं ठरवलंय. 72,000 ची ग्रॅव्हल सायकल (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी) बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यावर मिळतेय. 7,500 चं थंडीचं जॅकेट, जास्तीचे रुंद टायर आणि बाकी सामान मिळून 18,000 लागतील, ते बोनसमधून. हप्त्यासाठी वर्षभर एसआयपी थांबवावी असा विचार आहे, पेट्रोल वाचेलच. पत्नीला मात्र वाटतं की सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडेल. काय करावं?

उत्तर : नमस्कार. सायकल घ्याच, आणि याच महिन्यात घ्या. फक्त 72,000 ची नको, हप्त्यावर नको, आणि एसआयपीला हात लावू नका. सायकल आणि सामान मिळून 30,000 च्या आत बसवा. तेवढे पैसे तुमच्या बोनसमध्ये आहेत.

आधी तुमच्या महिन्याचा हिशेब पाहू. पगारातून कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि एसआयपी गेली की 5,500 उरतात. सायकलचा हप्ता 6,000 चा. म्हणजे तो तुमच्या शिलकीत बसत नाही, म्हणूनच तुम्ही एसआयपी थांबवायचं म्हणताय. एकदा थांबवलेली एसआयपी बारा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे सुरू झालेली मी फार कमी घरांत पाहिली आहे. तोवर दुसरा कुठला तरी खर्च त्या जागी येऊन बसलेला असतो. शिवाय तुमचा घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 47,500 होतात. उद्या पगार थांबला तर बँकेतले 90,000 दोन महिनेही पुरणार नाहीत. मला जास्त काळजी याची वाटते.

‘नो-कॉस्ट’ हा शब्दही तपासून घ्या. अशा योजनेत बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत दाखवते. वार्षिक 15 टक्के दर धरला, तर तुमच्या 6,000 च्या हप्त्यांत साडेपाच हजारांच्या आसपास व्याज दडलेलं आहे. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता, म्हणजे साधारण हजार रुपये, वर प्रोसेसिंग फी वेगळी. रोख देणाऱ्याला दुकानदार जी घासाघीस करू देतो, तीही तुमच्या हातून जाते. एक चांगली गोष्ट म्हणजे सायकलवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तो 5 टक्केच लागलाय ना, हे बघा.

आता पेट्रोल. धायरी ते ऑफिस जाऊन-येऊन 23 किलोमीटर धरू. स्कूटर लिटरला 45 देत असेल आणि पेट्रोल 104 रुपये धरलं, तर दिवसाला 53 रुपये. महिन्यात बारा दिवस सायकल चालवलीत तर 640 वाचतील. स्कूटरची झीज, ऑइल, सर्व्हिसिंग मिळून 750 म्हणू. या वेगाने तुमच्या सायकलीचे आणि सामानाचे मिळून 90,000 वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, 30,000 वसूल व्हायला सव्वातीन. म्हणून पेट्रोलच्या नावाखाली महागडी सायकल घेऊ नका. सायकलचा खरा मोबदला तब्येतीत आणि मनाला मिळणाऱ्या मोकळेपणात आहे. तो 20,000 च्या सायकलवरही पुरेपूर मिळतो.

थंडीच्या तयारीचा तुमचा सगळा विचार मला परदेशी व्हिडिओंवरून आलेला दिसतो. फिनलंडमधल्या औलूसारख्या शहरात लोक बर्फात सायकल चालवतात. तिथे टायरला धातूचे खिळे लागतात, ओल्या बर्फाने साखळी गंजते, म्हणून साखळीऐवजी पट्टा असलेल्या सायकलवर पैसे घालणं तिथल्या माणसाला परवडतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 वर असतो, एखाद्या आठवड्यात 8 च्या खाली जातो, आणि दुपारी तोच 28-30 वर. रस्ता कोरडा ठणठणीत. महागड्या सायकलींना असणाऱ्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचं मोल ओल्या घाटउतारावर कळतं. सिंहगड रोडच्या कोरड्या डांबरावर चाकाच्या कडेला घासणारे साधे रिम ब्रेकही नीट थांबवतात. पावसाळ्यात चालवायचा विचार असेल तर मेकॅनिकल, म्हणजे तारेने ओढले जाणारे, डिस्क ब्रेक घ्या, हायड्रॉलिकपेक्षा स्वस्त पडतात.

पुण्याच्या थंडीत सायकलस्वाराला अडचण होते ती अंधाराची. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो. तुम्ही साडेसहाला ऑफिसातून निघालात तर घरी येईपर्यंतचा सगळा रस्ता अंधारात, तोही गर्दीच्या वेळी. रविवारी साडेपाचला खडकवासल्याकडे निघालात तर पहिला तासभर अंधार. नदीच्या आणि धरणाच्या बाजूला धुकं असतं ते वेगळंच. तुमच्या 18,000 च्या यादीत जॅकेट 7,500 चं आहे आणि दिव्याचा उल्लेखच नाही. यादीतली ही गोष्ट मला सगळ्यात ठामपणे बदलायला सांगायची आहे. पुढे 400 ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचं माप) आसपासचा, चार्ज होणारा दिवा घ्या आणि तो थोडा खाली झुकवून लावा, म्हणजे खड्डा दिसेल आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. मागे लाल दिवा, तोही स्थिर लावलेला मला बरा वाटतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या गाडीवाल्याला अंतराचा अंदाज येणं अवघड जातं. दोन्ही मिळून अडीच हजार धरा. सायकलबरोबर येणारे रिफ्लेक्टर दिसायला बरे नाहीत म्हणून काढून टाकू नका.

हेल्मेट 2,000 पर्यंत, आत ईएन 1078 (सायकल हेल्मेटचं युरोपीय मानक) असं छापलेलं. कपड्यांवर 1,700 पुरतात: पातळ विंडचीटर आणि बोटं झाकणारे हातमोजे. आत सुती बनियन नको, घामाने भिजतो आणि धायरी फाट्याला सिग्नलवर थांबलात की अंगाला गार लागतो. पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. पहिली दहा-पंधरा मिनिटं हुडहुडी भरेल, पण पुढे अंग तापतं आणि नऊ वाजता ऊन आलं की विंडचीटर काढून बॅगेत टाकावासा वाटतो. म्हणून तो घडी करून मुठीत मावेल असाच हवा. शून्याखालचं जॅकेट तुम्ही इथे दोनदा घालाल. हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी घरातली चालेल. पहाटे शेकोट्यांचा धूर आणि धूळ हवेत खालीच साचून राहते, कारण थंड हवा वर उठत नाही. दम्याचा त्रास असेल तर रविवारी ऊन पडल्यावर निघा.

बाकी कुलूप 900, पंप, ट्यूब, पंक्चरचं सामान 900. मडगार्ड आणि कॅरिअर हजारात होतात. लॅपटॉप पाठीवर न घेता कॅरिअरवर टाकलात तर पाठ भिजत नाही. साखळीला कोरड्या हवामानाचं तेल 400 चं. स्वयंपाकघरातलं किंवा मशीनचं तेल टाकू नका, हिवाळ्यातली खोदकामाची धूळ त्याला चिकटून साखळी महिन्यात काळी पडते आणि गिअरचे दात झिजवते. सगळं मिळून 9,400 झाले.

म्हणजे सायकलसाठी 20,600 उरतात. एवढ्यात चांगली हायब्रिड (रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली) मिळते. टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद, म्हणजे खड्डे सोसतील आणि जास्तीचे रुंद टायर घ्यायची गरज उरणार नाही. कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं आहेत ना ते बघा, आणि उंचीप्रमाणे फ्रेमचा आकार दुकानात बसूनच ठरवा, ऑनलाइन फोटोवरून नाही. पुढे स्प्रिंगवाला सस्पेन्शन फोर्क असलेली स्वस्त एमटीबी (माउंटन बाइक) घेऊ नका. ती जड असते, आणि प्रत्येक पायडलला तुमची काही ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते.

याहून चांगला मार्ग सेकंडहँडचा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेल्या सायकली अजूनही अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत. ओळखीतल्या मेकॅनिकला बरोबर न्या. फ्रेमच्या सांध्यांवर तडा नाही ना, चाक फिरवल्यावर डुलत नाही ना, साखळी ताणलेली नाही ना, हे त्याला पाहू द्या आणि मूळ बिल मागा. 12-13 हजारांत मिळाली तर बोनसमधले आठ-एक हजार आणखी वाचतील, ते थेट आपत्कालीन निधीत टाका. नवी घेतलीत तरी 5,000 उरतातच, तेही तिथेच. आणि महिन्याच्या 5,500 शिलकीतले 3,000 दर महिन्याला त्याच खात्यात जाऊ देत.

तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे, तिला उत्तर हिशेबानेच द्यावं लागेल. महाशिवरात्रीला थंडी संपते. तोवर महिन्याला दहा-बारा दिवस सायकल चाललीच, आणि उन्हाळ्यातही सकाळी लवकर निघून चालू राहिली, तर पुढच्या दिवाळीला ग्रॅव्हल सायकलचा विषय दोघांनी मिळून काढा, रोखीने. नाही चालली, तर 20,000 ची सायकल विकताना होणारं नुकसान तुमच्या घराला सोसता येईल. 72,000 ची विकताना मात्र अर्धे हप्ते अजून फेडायचे बाकी असतील.

शेवटी विम्याचं. घरात एकच पगार आणि त्यावर कर्ज असताना हात मोडून दोन महिने घरी बसणं महागात जातं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुमच्या बँक खात्यावर सुरू आहे का बघा: वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. पण मोडलेल्या हाताचे दोन महिने त्यात येत नाहीत. त्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, आणि तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम मिळण्याचं कलम तिच्यात आहे का, हे सही करण्याआधी वाचा. सायकल घरी यायच्या आधी हे काम उरकून टाका.