खारट जमिनीत कॅक्टसचे जीन्स (जनुकं) नेमकं काय करतात?

पहिलं म्हणजे "कॅक्टस वाळवंटातला, म्हणजे त्याला मीठ चालणारच" हे डोक्यातून काढून टाका. दुष्काळ सहन करणं वेगळं आणि मीठ सहन करणं वेगळं. फड्या निवडुंग तर मिठाला बऱ्यापैकी नाजूकच आहे, मुळांची वाढ लगेच मंदावते.

आता जीन्सचं. मीठ वाढलं की मुळातल्या पेशींमधे कॅल्शियमची पातळी बदलते, तोच अलार्म. मग एसओएस नावाची जीन्सची साखळी चालू होते, त्यातला एसओएस१ म्हणजे पेशीच्या भिंतीलगतच्या पडद्यातला पंप, जो सोडियम बाहेर फेकतो, आणि एनएचएक्स जीन्सचे पंप उरलेलं सोडियम पेशीतल्या व्हॅक्युओलमधे (पेशीतली साठवणीची पिशवी) कोंडून ठेवतात म्हणजे बाकी कामात ते लुडबूड करत नाही. ही यंत्रणा आधी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात सापडली, पण जवळपास सगळ्याच वनस्पतींमधे असते. फरक कुठला जीन किती जोरात आणि किती लवकर चालू होतो यात असतो. सोबत अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे हार्मोन वाढतं, प्रोलिन हे अमिनो आम्ल बनवणारे जीन्सही जागे होतात, त्याने पेशीतलं पाणी टिकतं.

आणि हो, मिठामुळे सीएएम प्रकाशसंश्लेषण (रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून दिवसा वापरण्याची पद्धत) चालू करणारी ती आईस प्लांट नावाची फेमस वनस्पती कॅक्टस नाहीये, लोक सारखं मिक्स करतात! बहुतेक कॅक्टसमधे सीएएम आधीपासूनच असतं, मीठ असो नसो. त्यामुळे रंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं) गार रात्री उघडतात, पाण्याची वाफ कमी होते, पाणी कमी खेचावं लागतं आणि पाण्याबरोबर मीठही कमीच वर चढतं.