नकाशा सरकतोय, चूक कुठाय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, जुन्नरकडच्या एका पाणलोटाचा प्रोजेक्ट करतोय. जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा तपशीलवार नकाशा) स्कॅन करून चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली, पण सॅटेलाइट इमेजवर टाकली की बंधारा, रस्ता, देऊळ सगळंच शंभरेक मीटर आग्नेयेला सरकलेलं दिसतं. सीआरएस (आकडे कुठल्या मोजपद्धतीतले ते सांगणारी नोंद) बदलून ३२६४३, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा ४३ वा झोन (पट्टा), केला तर शीटच गायब! ती हाताने ओढून बसवू का?

उत्तर : ओढू नका हो. बंधाऱ्यापाशी जुळेल पण पुढे दुसरी शीट जोडायला घ्याल तेव्हा परत तेच. तुमचे आकडे बरोबरच आहेत, फक्त ते कुठल्या पृथ्वीवरचे ते सॉफ्टवेअरला चुकीचं सांगितलंय. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीचा मानलेला आकार) आणि मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरला मूळ धरून केलेल्या, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या लंबगोलावर. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच साडेआठशे मीटरच्या आसपास फरक, शिवाय केंद्रही वेगळं, म्हणून त्याच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे वेगळे येतात. पुण्याकडे हा फरक शंभर मीटरच्या पुढेच जातो. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज (सगळ्यांना खुल्या) शीटना ही भानगड नाही, त्या डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवरच आहेत, तेव्हा आधी शीटच्या समासात काय छापलंय ते वाचा.

आता गायब होण्याचं. 'सेट लेयर सीआरएस' केलं की आकडे बदलत नाहीत, नुसतं लेबल बदलतं, वारात मोजलेल्या कापडावर मीटरची चिठ्ठी लावावी तसं. तुमचे ७३ आणि १९ अंश सॉफ्टवेअरने ७३ आणि १९ मीटर धरले आणि शीट गेली विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात, झूम टू लेयर केलं असतं तर दिसली असती.

करायचं असं : जिओरेफरन्स करताना (स्कॅनला अक्षांश-रेखांश देताना) छापलेले आकडे जसेच्या तसे द्या पण सीआरएस कल्याणपूर १९७५ म्हणजे ईपीएसजी (सीआरएसचा क्रमांक) ४१४६ निवडा, चारच कोपरे नकोत, मधल्या पाच-पाच मिनिटांच्या खुणाही घ्या. मग रास्टर मेनूतलं 'वार्प' वापरून ३२६४३ मध्ये न्या, तिथे आकडे खरोखर नव्याने काढले जातात. सॉफ्टवेअरने कुठलं रूपांतर वापरायचं असं विचारलं तर ओके-ओके करत पुढे जाऊ नका, 'बॉलपार्क' (ढोबळ) लिहिलेलं असेल तर त्यात डेटमचा, म्हणजे मानलेल्या पृथ्वीच्या आकाराचा आणि केंद्राचा, फरक धरलेलाच नसतो आणि तुमचे शंभर मीटर तसेच राहतात. एवढं करूनही दहा-वीस मीटर इकडेतिकडे राहील, १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजेच जमिनीवर २५ मीटर, त्यासाठी जीव काढू नका.

प्रश्न : आमचा यवतमाळ जिल्हा यूटीएमच्या दोन झोनमध्ये येतो. पुसद-दिग्रस ४३, वणी ४४. क्षेत्रफळ काढायचंय. गुगलसारख्या नकाशाचा ३८५७ हा सीआरएस सगळीकडे चालतो, तोच घेतला तर?

उत्तर : अजिबात नको! ३८५७ नुसता बघायला. तुमच्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ १३ टक्क्यांच्या आसपास फुगतं, शंभर हेक्टरचं रान ११३ दिसेल आणि तोच आकडा घेऊन कोणीतरी भांडायला येईल. अख्ख्या जिल्ह्याला ४४ चाच झोन धरा, पश्चिम टोकाला लांबीत किलोमीटरमागे दीडेक मीटर चुकेल, ते बहुतेक कामांना चालतं. अर्धा डेटा ४३ मध्ये आणि अर्धा ४४ मध्ये ठेवून न बदलता एकत्र मात्र करू नका. आणि कुणाला शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) पाठवताना सीआरएस लिहिलेली पीआरजे फाइलही पाठवा, लोक नेमकी तीच विसरतात.

प्रश्न : पुण्यातल्या विहिरींची एक्सेल यादी टाकली तर सगळे पॉइंट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडले??

उत्तर : अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. १८.५ आणि ७३.८ ची अदलाबदल केली की पुणं नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेअर आयलंड बेटाच्या शेजारी जातं. यादी सीएसव्ही फाइल करून घेताना एक्सच्या खान्यात रेखांश आणि वायच्या खान्यात अक्षांश निवडा.