आडवाटेने एकट्याने दिवसभराची बाईक राइड करायची आहे. किती किलोमीटर ठेवू आणि तयारी काय करू?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की गाडी १५०-२०० सीसीची आहे, हमरस्ता होईल तितका टाळायचा आहे, सोबत कुणी नाही आणि एका दिवसात ३५० किलोमीटर करून अंधार पडायच्या आत घरी यायचं आहे. यातलं सगळं जमण्यासारखं आहे, फक्त ३५० हा आकडा सोडून. तो २२० ते २५० वर आणा.

आडवाटेवर अंतर तासांत मोजावं लागतं. अरुंद रस्ता, आंधळी वळणं, मध्येच येणारी गावं, गुरं, उखडलेलं डांबर हे सगळं धरलं की चालत्या गाडीची सरासरी ताशी ४० ते ४५ च्या पुढे सहसा जात नाही. पेट्रोल, पाणी, रस्ता चुकून परत फिरणं, एखाद्या दरीपाशी थांबणं यात ती ३० ते ३३ वर येते. म्हणजे ३५० किलोमीटरला जवळपास अकरा तास. हमरस्त्यावर डोकं मधूनमधून विसावतं, इथे मात्र दर वळणाला काहीतरी ठरवावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष चालवण्याचे सहा तास ही माझ्या मते एकट्यासाठी चांगल्या दिवसाची मर्यादा आहे. नकाशाचं अ‍ॅप जी वेळ दाखवतं तिच्यात एक तृतीयांश मिळवा आणि मग दिवस आखा.

मार्ग आखताना सगळ्यात वळणदार, सगळ्यात खराब भाग दुपारच्या आत संपेल असा ठेवा. परतीला रुंद, सोपा रस्ता असू द्या, कारण थकवा परतीलाच येतो. शक्य असेल तर सकाळी पश्चिमेकडे निघा आणि संध्याकाळी पूर्वेकडे परता, म्हणजे ऊन दोन्ही वेळा पाठीवर राहतं. मात्र तेच ऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत असतं आणि त्याला तुम्ही नीट दिसत नाही, तेव्हा हेडलाइट चालू ठेवून त्याच्याकडून चूक होणार असं धरूनच चाला. अ‍ॅपवर रस्ता म्हणून दिसणारी रेघ खरोखर डांबरी आहे का, हे उपग्रहाच्या चित्रात मोठं करून आदल्या दिवशी बघा. दर ६०-७० किलोमीटरवर हमरस्त्याला निघण्याची एखादी वाट कुठे आहे तेही टिपून ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि वळणाच्या गावांची नावं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकीवर चिकटवा. त्याच कागदावर परत फिरण्याची वेळ लिहा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी मोठ्या रस्त्यावर असलं पाहिजे, एवढा हिशेब करून ती वेळ घरीच ठरवायची. वाटेत ठरवायला गेलं की पुढचं वळण नेहमीच जास्त सुंदर वाटतं.

पेट्रोलचं गणित साधं आहे. टाकी १२ लिटरची, त्यातले २ रिझर्व्हचे सोडले की १०. गाडी एरवी लिटरला ४० देत असेल तर चढावर, खालच्या गिअरमध्ये ३३ धरा. म्हणजे भरवशाचा पल्ला ३३० चा, ४८० चा नव्हे. तरीही टाकी अर्धी झाली की समोर दिसेल त्या पंपावर भरून घ्या आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढचा पंप बंद असू शकतो.

गाडीची तपासणी निघण्याच्या दिवशी सकाळी करू नका, आदल्या दिवशी करा. काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि टायरमधली बारीक गळतीही रात्रभरात उघडी पडते. हवा टायर थंड असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकीच भरा. चालून गरम झाल्यावर दाब वाढतो, तो पाहून हवा काढू नका. चेनचा ढिलेपणा दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध, खालच्या बाजूला मोजा. बहुतेक गाड्यांत तो २५ ते ३५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर मिळेल. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ताण ठरवायचा तो जिथे ती सगळ्यात घट्ट आहे तिथे. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट: खड्ड्यात मागचं सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा भार येतो. चेनला तेल आदल्या संध्याकाळी, थोडी चालवून गरम झाल्यावर द्या, म्हणजे ते आत मुरतं आणि सकाळी टायरवर उडत नाही.

ब्रेक पॅडचा मसाला २ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला. क्लच केबल लिव्हरपाशी, जिथे तिचं बोंड बसतं तिथे, नीट बघा. एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदलायला झाली. इंजिन ऑइल गाडी सरळ उभी धरून बघा. आरसे, नंबर प्लेट, सायलेन्सर आणि कॅरिअरचे बोल्ट एकदा पान्याने चाचपून घ्या.

एकट्या माणसाचा दिवस वाया घालवणारी गोष्ट बहुतेक वेळा पंक्चर असते, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. टायर ट्यूबलेस असेल तर स्ट्रिपची (छिद्रात कोंबायच्या चिकट रबरी पट्टीची) किट, हवा भरायचं साधन आणि प्रेशर गेज सोबत हवंच. खिळा सापडला की उपटण्याआधी जागेवर खडूने खूण करा आणि तो कोणत्या कोनात घुसलाय ते पाहून ठेवा. काढल्यावर रीमर (किटमधली छिद्र साफ करायची खरबरीत सळई) त्याच कोनात आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. इथे घाई केली तर स्ट्रिप आत जातच नाही आणि माणूस तिला दोष देत बसतो. स्ट्रिप किटमधल्या सुईत ओवा, सोल्यूशन लावून दोन तृतीयांश आत ढकला आणि सुई झटक्यात सरळ बाहेर ओढा. वर उरलेलं टोक ३-४ मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून वर पाणी टाका आणि बुडबुडे येतात का पाहा. टायरच्या बाजूच्या भिंतीला छिद्र असेल तर हा उपाय करू नये, ती जागा सतत वाकते आणि स्ट्रिप तिथे टिकत नाही. १६ ग्रॅमच्या गॅसच्या नळ्यांवर विसंबायचं तर मागच्या टायरला दोन-तीन लागतात आणि एक नीट बसली नाही तर गॅस वाया जातो. त्यापेक्षा छोटा पायपंप किंवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडा आणि इंजिन चालू ठेवा, मोबाइलच्या चार्जिंग सॉकेटला तो करंट झेपत नाही. दुरुस्तीनंतर दहा किलोमीटरवर थांबून दाब पुन्हा मोजा, वेग ६० च्या आत ठेवा, आणि घरी आल्यावर टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या.

स्पोकची चाकं असतील तर बहुधा आत ट्यूब असते आणि स्ट्रिपचा काहीच उपयोग नाही. मग जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि मागच्या एक्सलच्या नटाचा पाना न्यावा लागतो. हे काम घरी एकदा स्वतः करून पाहिलेलं नसेल, तर मनुष्यवस्तीपासून फार लांब जाणारा मार्ग निवडू नका.

बाकी हत्यारं थोडकी पुरतात: गाडीला लागतात तेवढेच पाने आणि अ‍ॅलन की, पक्कड, फ्यूज, चेनच्या मापाची एक जॉइंट लिंक, केबल टाय, टेप आणि डोक्याला बांधायचा दिवा. ही पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवू नका. पडलात तर ते लोखंड मणक्यावर येतं. मागच्या सीटवर, खाली आणि पुढे सरकवून बांधा आणि पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाका, ती चेनमध्ये जातात. जादा किल्ली गाडीच्या सामानात न ठेवता खिशात.

आता चालवण्याबद्दल. अनोळखी वळणावर वेग कसा ठरवायचा याची एकच खात्रीची रीत आहे. पुढे बघताना रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू धरा. बिंदू जागेवर थांबलाय किंवा तुमच्याकडे येतोय असं वाटलं की वळण आवळतंय, वेग कमी करा. तो पुढे पळायला लागला की वळण सुटतंय, आता हळूहळू थ्रॉटल द्या. विजेच्या खांबांवरून मात्र अंदाज बांधू नका, तारा बऱ्याचदा शेतातून सरळ जातात आणि रस्ता वळतो. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे हा नियम पाळायचा तर आकडे माहीत हवेत: कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ६० ला प्रतिक्रिया आणि ब्रेक मिळून ४० ते ४५ मीटर लागतात, ८० ला ६० ते ७०. सैल खडीवर याहून कितीतरी जास्त. आंधळ्या वळणावर समोर ३० मीटरच दिसत असतील तर ताशी ५० सुद्धा जास्त आहे.

बाहेरच्या बाजूने वळणात शिरलं की लांबचं दिसतं हे खरं, पण उजव्या वळणात मधल्या रेषेजवळ गाडी झुकली की डोकं आणि हँडल रेषेच्या पलीकडे जातं. तिथे समोरून वळण कापत येणारी गाडी असू शकते, म्हणून चाकांऐवजी डोकं आपल्या बाजूला राहील एवढी जागा सोडा. बारीक खडी रस्त्याच्या मधोमध आणि कडेला साचते, मोटारींच्या चाकांचे दोन पट्टे बहुधा स्वच्छ असतात, त्यातल्या एकात राहा. शेतातून येणारी पायवाट किंवा गाडीवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे चिखल असणार असं धरा. दाट झाडांखालचा रस्ता पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी ओला आणि शेवाळलेला राहतो. खडीवर आलातच तर गाडी सरळ ठेवा, थ्रॉटल स्थिर, नजर लांब, आणि पुढचा ब्रेक अगदी हलका. गुरं आडवी जात असतील तर त्यांच्या मागून जा, आणि एक गेलं की दुसरं येईपर्यंत थांबा. कुत्रा धावून आला तर आधी वेग कमी करा आणि तो जवळ आला की वाढवा, त्याचा अंदाज चुकतो. लाथ मारू नका, तोल तुमचाच जातो.

लांब उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक घासत ठेवला की ब्रेकचं ऑइल तापतं. डॉट ४ (डबीवर लिहिलेला दर्जा) ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं. उतारावर लिव्हर अचानक मऊ लागली, हँडलपर्यंत यायला लागली, तर पटापट पंप करून गाडी खालच्या गिअरवर थांबवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका.

शरीराकडे वळू. थांबा दर तासाला किंवा फार तर दीड तासाला, दहा मिनिटं, हेल्मेट काढून, थोडं चालून. दमल्यावर थांबायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. गिअर चुकायला लागले, ब्रेक उशिरा लागायला लागले, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनात, ही थकव्याची खूण आहे आणि तेव्हा पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून पडण्याला पर्याय नाही. दुपारी १ ते ४ ही वेळ सगळ्यात झोपेची, त्यात पोटभर जेवून गाडीवर बसू नका. उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट घोट प्या. हवा ३७ अंशांच्या वर गेली की जाळीचं जॅकेट उलट गरम वाराच अंगावर आणतं, तेव्हा आतला टीशर्ट भिजवून जॅकेटच्या बहुतेक खिडक्या बंद करा. थंडीतही हिशेब वेगळा लागतो. १० अंशांत ताशी ८० ने गेलं तर उघड्या त्वचेला ४-५ अंशांसारखं वाटतं आणि पहिली बोटं बधिर होतात, जी क्लच आणि ब्रेकसाठी हवी असतात.

एकटे आहात म्हणून घरच्या कुणाकडे मार्ग, परतण्याची वेळ आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं" हे लिहून द्या. रेंज असेल तिथे दर थांब्यावर एक ओळ पाठवा. फोन हँडलवर लावत असाल तर कंपन शोषणाऱ्या रबराचा होल्डर घ्या, इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेही २०२१ मध्ये सांगितलं आहे. तरी मी फोन अंगावरच ठेवायला सांगेन. पडून गाडीपासून लांब फेकले गेलात तर हँडलवरचा फोन हाती लागत नाही. रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेला कागद जॅकेटच्या खिशात असू द्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक जगातल्या बऱ्याच देशांत चालतो.

गाडी सुरू होत नसेल तर हत्यारं काढण्याआधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, न्यूट्रल आणि क्लच ही चार बघा. बऱ्याचदा तिथेच सापडतं.

गाडी आडवी झाली तर आधी स्वतःला तपासा आणि इंजिन बंद करा. आडव्या गाडीत ऑइल पंपाला तेल मिळत नाही. घाईने कंबरेतून उचलू नका. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, आणि गिअर टाका म्हणजे ती सरकणार नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून बूड सीटला टेकवा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची पट्टी किंवा फ्रेम धरा आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटा. उतारावर पडली असेल तर आधी ओढून आडवी फिरवा. उभी झाली की पाच मिनिटं थांबा, ऑइलची पातळी आणि पेट्रोलची गळती बघा. थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटतो का, दोन्ही ब्रेक धरतात का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, हे उभ्याउभ्या तपासा. लिव्हर वाकली असेल तर सरळ करायला जाऊ नका, ओतीव अ‍ॅल्युमिनियम तुटतं. वाकडी लिव्हर घर गाठून देते. पुढचा ब्रेक किंवा थ्रॉटल यातलं काही नीट नसेल तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि मदत मागवा. ते सगळं ठीक असून नुसतं खरचटलं असेल, तरी टिपून ठेवलेल्या जवळच्या वाटेने हमरस्त्याला लागा आणि सावकाश घरी या. पडल्यानंतर हात थरथरत असतात आणि उरलेल्या वळणांना लागणारं लक्ष त्या दिवशी परत येत नाही.