पिनियन नट जास्त आवळला गेला, आता थोडा सैल केला तर चालेल का?

नाही, अजिबात नाही. जुन्या मस्टँगचं फोर्ड ८.८ इंची डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारी गिअरपेटी) खोललंय आणि बेअरिंगं नवी आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आत, पिनियनच्या (ताकद आत आणणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दोन बेअरिंगांमध्ये, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपणारी धातूची नळी) आहे. ती एकदा चेपली की परत लांब होत नाही. नट मागे घेतला की पिनियन हाताला छान मोकळा लागेल, पण दोन्ही बेअरिंगांच्या मधली पकड गेलेली असेल. मग लोड आला की पिनियन पुढेमागे सरकतो, दातांचा संपर्क बिघडतो आणि काही दिवसांत मागून हुंकार सुरू होतो. नवीन स्लीव्ह आणा, नटही नवा घ्या. खर्च किरकोळ आहे.

‘नट किती टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळायचा’ हा प्रश्नच इथे लागू होत नाही. स्लीव्ह चेपायलाच २७० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. फ्लँज (पिनियनच्या बाहेरच्या टोकाची चकती) लांब दांडीने धरून ठेवा. मोजायचं ते पिनियन फिरायला लागणारं बळ: नव्या बेअरिंगला साधारण १.८ ते ३.२ न्यूटन-मीटर, वापरलेल्यांना जवळपास निम्मं. अंतिम आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलचा.

बेअरिंगांना गिअर ऑइल लावा, सील बसवा, क्राउन (पिनियनने फिरणारं मोठं दातेरी चाक) अजून बाहेरच असू द्या. आवळताना पिनियन फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. पुढेमागे होणारी खडखड संपली की सावध व्हा, कारण तिथून पुढे प्रीलोड (बेअरिंगांवर आधीच दिलेला दाब, ज्यामुळे पिनियन फिरायला बळ लागतं) झपाट्याने चढतो. नट जेमतेम हलवा, मोजा, पुन्हा जेमतेम हलवा. इथे इम्पॅक्ट गन हातात घेणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही.

छोटा टॉर्क पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा. दोरी मध्यापासून ५ सेंमीवर असेल तर ५ किलोचा ओढा म्हणजे सुमारे २.५ न्यूटन-मीटर. पिनियन सुटतानाचा झटका धरू नका, सलग फिरत असतानाचा आकडा घ्या. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणारे अनुभवी मिस्त्री आहेत, पण त्यांनी शेकडो पिनियन बसवलेले असतात.

वारंवार खोलायचं असेल तर स्लीव्हऐवजी सॉलिड स्पेसर (न चेपणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) घाला. शिम जुळवताना वैताग येतो, पण नट हवा तेव्हा काढता येतो.