थायरॉइडमुळे हात थरथरतात आणि विसरायलाही होतं, हे खरं आहे का?

हो, पण सहसा दोन्ही एकाच वेळी नाही. (आपल्याकडे 'मला थायरॉइड आहे' म्हणतात, गळ्यातली ही ग्रंथी तर सगळ्यांनाच असते! प्रश्न तिचं हार्मोन जास्त की कमी, हा.)

हार्मोन जास्त झालं की शरीर अ‍ॅड्रिनलिनला (घाबरल्यावर उसळणाऱ्या हार्मोनला) जास्त दाद देतं. हात पुढे करून बोटं पसरा आणि वर कागद ठेवा. कागदाची कड बारीक थरथरताना दिसते. सोबत धडधड, चिडचिड, झोप उडणं.

कमी झालं की सगळंच संथ. डॉक्टर टाचेच्या वरच्या दोरीसारख्या कंडरेवर छोटी हातोडी मारतात तेव्हा पाऊल झटकन हलतं, पण परत यायला रेंगाळतं. मेंदूचंही तसंच: शब्द ओठांवर येऊन अडतो, लक्ष लागत नाही, मन उदास. माझ्या आईला आम्ही वर्षभर 'वय झालं' म्हणत होतो. रक्तात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) निघाला 40 च्या वर, म्हणजे खूपच जास्त. थायरॉइड हार्मोनची गोळी सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत ती पुन्हा भिशीचा हिशोब तोंडी करू लागली.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. थरथर एकाच हाताला आणि हात स्वस्थ असताना होत असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टकडे जा.