प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नाही

तत्त्वज्ञानात पीएचडी करू पाहणारी मुलं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो. परदेशातल्या विद्यापीठाने प्रवेश दिला आहे, पैसे मात्र दिलेले नाहीत. मग कर्ज काढून जावं का? या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी लपवत नाही. पण ते एका मुलाच्या निमित्ताने सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय सव्वीस. एम.ए. झालेलं, दोन वर्षं नोकरी केलेली. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात आणि होकार कळवायला जेमतेम तीन आठवडे. वडील घर तारण ठेवायला तयार होते, आई गप्प होती. तो म्हणाला, "मॅडम, आत्ता नाही म्हटलं तर पुन्हा मला कोणी विचारणार नाही."

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. या भीतीला आकडेमोडीने उत्तर देता येत नाही, म्हणून मी आधी त्याला पुरतं बोलू दिलं. सोबतच्या मित्रांना नोकऱ्यांमध्ये बढत्या मिळाल्या होत्या, घरी येणारा प्रत्येक नातेवाईक 'पुढे काय?' विचारत होता, आणि त्या पत्राने पहिल्यांदाच त्याला वाटलं होतं की आपलं कुठेतरी काहीतरी आहे. ते नाकारणं म्हणजे त्याच्या लेखी स्वतःला नाकारणं होतं. तासाभराने मी विचारलं, "तू अर्ज कधी केला होतास?"

"मार्चमध्ये."

इथेच गाठ होती. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभाग प्रवेश देतो. शिष्यवृत्तीची स्पर्धा वेगळी चालते. ऑक्सफर्डची क्लॅरेंडन, केंब्रिजची गेट्स केंब्रिज, कला आणि मानव्यविद्यांसाठीच्या संशोधन परिषदेचा निधी, या सगळ्यांच्या मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत संपतात. त्यानंतरही काही ठिकाणी अर्ज घेतात, पण शिष्यवृत्तीसाठी त्या अर्जाचा विचार होत नाही. सरकारी संशोधन निधी 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झाला आहे, पण त्यातल्या जास्तीत जास्त 30 टक्के जागाच त्यांना मिळू शकतात. म्हणजे या मुलाला शिष्यवृत्ती नाकारलेली नव्हती, तो त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता. हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी नापास झालेलो नाही."

नाही झालेला. पण त्यामुळे कर्ज काढणं शहाणपणाचं ठरत नाही.

तत्त्वज्ञानाच्या पीएचडीला पैसा येतो कुठून, हे समजलं की अर्ज कुठे आणि कधी करायचा हे आपोआप उलगडतं. विज्ञानात प्राध्यापकाकडे प्रकल्पाचं अनुदान असतं आणि विद्यार्थ्याचा पगार त्यातून निघतो. तत्त्वज्ञानात प्रयोगशाळा नाही आणि असं अनुदान क्वचितच असतं. अमेरिकेत पैसा येतो तो मुख्यतः शिकवण्यातून. नीतिशास्त्राच्या किंवा तर्कशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला मोठी संख्या असते, त्यांच्या चर्चेच्या तासिका घ्यायला आणि उत्तरपत्रिका तपासायला माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी. त्या बदल्यात फी माफ आणि दरमहा विद्यावेतन, बहुतेक ठिकाणी पाच वर्षं. तिथे प्रवेश आणि पैसा यांचा निर्णय सहसा एकत्रच होतो, म्हणूनच जागा इतक्या थोड्या: नावाजलेल्या विभागात शेकडो अर्ज येतात आणि घेतात पाच-सात जणांना. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही सरळ पगारी नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, नेमणूक होते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत पीएचडीला फी नाही, पण आधी मार्गदर्शक शोधावा लागतो, आणि विभागातलं सहायकाचं पद मिळालं तरी ते बरेचदा अर्धवेळ किंवा दोन-तृतीयांश वेळेचं असतं.

आता माझं मत. घरची श्रीमंती असेल आणि पुढे नोकरीची फिकीर नसेल, तर स्वतःच्या पैशाने तत्त्वज्ञानाची पीएचडी जरूर करावी. पण कर्ज काढून करू नये. पीएचडीनंतर तत्त्वज्ञान शिकवण्याच्या कायम जागा सगळीकडेच कमी आहेत, आणि चांगल्या विभागांतून बाहेर पडलेली हुशार मुलंही वर्षानुवर्षं तात्पुरत्या करारांवर काढतात. त्यात घराचा हप्ता डोक्यावर असेल, तर माणूस प्रबंध लिहीत नाही, हप्ता मोजत बसतो. दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं. ज्याच्यावर विभागाने पैसा लावला आहे, तो विभागाचा माणूस असतो. त्याला शिकवायला मिळतं, बसायला जागा मिळते, त्याच्या कामाबद्दल चार प्राध्यापकांना माहिती असते. पुढे शिफारसपत्र लिहिणारी माणसं त्याच चौघांतून निघतात.

त्याने नकार कळवला. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या मुदतीत पुन्हा अर्ज करता येईल का, असं विभागाला नम्रपणे विचारलं. जरूर करा, असं उत्तर आलं. नकार पाठवला त्या रात्री तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

मग खरं काम सुरू झालं. तत्त्वज्ञानाच्या अर्जात सगळ्यात वजन असतं ते लेखननमुन्याला, म्हणजे स्वतः लिहिलेल्या पंधरा-वीस पानांच्या निबंधाला. निवड समितीतल्या लोकांना गुणपत्रिकेत फरक दिसत नाही. वर आलेल्या सगळ्यांचे गुण चांगलेच असतात. फरक दिसतो तो निबंधात. याचा विषय सुंदर होता: मेलेल्या माणसाला दिलेलं वचन आपल्याला बांधतं का? पण पहिली सहा पानं प्लेटोपासून कांटपर्यंतचा इतिहास होता आणि त्याचं स्वतःचं म्हणणं सातव्या पानावर, तेही एका परिच्छेदाच्या पोटात. मी तत्त्वज्ञानाची नाही, पण निबंधात लेखक कुठे आहे हे मला शोधता येतं. मी कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, "मला दोन वाक्यांत सांग." तो म्हणाला, "वचन मोडलं तर कोणाचं तरी नुकसान झालं पाहिजे असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं आहे की नुकसान झालं नाही तरी अन्याय होऊ शकतो." निबंध आता इथून सुरू होतो. प्लेटो गेला, कांट एका तळटीपेत उरला.

आणखी एक जागा सुधारली, आणि ती त्याची त्यानेच शोधली. सर्वात कठीण आक्षेप त्याने चार ओळींत उडवून लावला होता: जो अस्तित्वातच नाही त्याच्यावर अन्याय होणार तरी कसा? त्याला त्याने आता अडीच पानं दिली आणि शेवटी कबूल केलं की आपल्या उत्तराला एक मर्यादा आहे. माझ्या अनुभवात ही कबुली अर्जाला कमकुवत करत नाही. वाचणाऱ्याला कळतं की हा मुलगा विचार करतो आहे.

उद्देशपत्रातून, म्हणजे काय आणि का शिकायचं हे सांगणाऱ्या अर्जातल्या पत्रातून, 'लहानपणापासून मला प्रश्न पडत' हे वाक्य काढलं. त्या जागी कोणत्या दोन प्रश्नांवर काम करायचं आणि त्या विभागात ते कोणाबरोबर जमेल, हे आलं. शिफारसपत्रांसाठी तिन्ही शिक्षकांना मुदतीच्या दीड-दोन महिने आधी सांगितलं आणि सोबत निबंध पाठवला, म्हणजे त्यांना 'मेहनती आणि प्रामाणिक' याच्यापुढे काही लिहिता येईल. अर्जाची फी अनेक अमेरिकी विद्यापीठं विनंती केल्यास माफ करतात. हे विचारायला त्याला फार संकोच वाटत होता. दोन ठिकाणी माफी मिळाली.

अर्ज करायच्या विभागांच्या यादीत मी त्याला अमेरिकेतले काही एम.ए. अभ्यासक्रमही घालायला लावले. जॉर्जिया स्टेट, विस्कॉन्सिन-मिलवॉकी अशा काही विभागांत फक्त एम.ए.पर्यंतचं शिक्षण आहे आणि तिथे विद्यार्थ्यांना फीमाफी आणि शिकवण्याच्या कामाचे पैसे मिळतात. तिथून बाहेर पडलेली मुलं पुढे पीएचडीला जातात. "पुन्हा एम.ए.?" असं तो नाराजीने म्हणाला होता.

निकाल यायला लागले आणि फेब्रुवारी फार वाईट गेला. नकारामागून नकार. त्या दिवसांत आम्ही अर्जांबद्दल बोललोच नाही. तो काय वाचतो आहे याबद्दल बोललो. एका पीएचडी विभागाने प्रतीक्षायादीत ठेवलं आणि एका एम.ए. विभागाने पैशासकट जागा दिली. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी करार करून मान्य केलेला एक नियम इथे कामी आला: आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. एम.ए. विभागही या करारात होता, त्यामुळे तिथली जागा न गमावता त्याला प्रतीक्षायादीची वाट पाहता आली.

त्या मधल्या वेळात आम्ही एम.ए. विभागाला एक पत्र लिहिलं. विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बाराचं? आरोग्य विमा धरून की वेगळा? फीमाफीनंतरही विद्यार्थ्याकडून कोणते शुल्क घेतले जातात? आठवड्याला किती तास शिकवायचं? सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? उत्तर सविस्तर आलं आणि उन्हाळ्याचे तीन महिने पैसे नसतात हे त्यातूनच कळलं. विद्यार्थ्यांनी सांगितलं की त्या काळात ते विद्यापीठातच काम शोधतात.

प्रतीक्षायादी शेवटपर्यंत हलली नाही. तो एम.ए.ला गेला. निघण्यापूर्वी आई-वडिलांना घेऊन आला होता, आणि आई पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. तिला पैशाची काळजी नव्हती, मुलगा अपयश आलं तर सांगणार नाही याची होती.

सध्या तो दुसऱ्या वर्षाला आहे, तर्कशास्त्राच्या तासिका घेतो. पीएचडीचे अर्ज या हिवाळ्यात पाठवेल. मिळालं नाही तर पुढे काय करायचं, हे त्याने लिहून ठेवलं आहे आणि तो कागद त्याने आईला वाचून दाखवला आहे.