संरक्षण आदेश तिसऱ्यांदा मोडला, तर शिक्षा वाढते का?

तुमच्या पत्रातील हकिगत थोडक्यात अशी आहे की, पतीने तुमच्या शाळेत येऊ नये व फोन करू नये, असा अंतरिम संरक्षण आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला असताना त्याने तो तीनदा मोडला आणि पहिल्या दोन्ही वेळी पोलिसांनी ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून, समज देऊन त्याला सोडले. आता तरी शिक्षा वाढेल का, असे तुम्ही विचारता.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 31 मध्ये आदेशभंगासाठी एक वर्षापर्यंत कारावास, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. भंगांची संख्या वाढली म्हणून ती चढत नाही. माझ्या मते ही कायद्यातील गंभीर उणीव आहे, कारण वारंवार आदेश मोडणाऱ्याची भीड चेपत जाते.

मात्र प्रत्येक भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि कलम 32 नुसार तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) व अजामीनपात्र आहे. त्यामुळे ‘एनसी’वर तुमची बोळवण करणेच चूक होते. तीनही प्रसंगांची तारीखवार लेखी फिर्याद, आदेशाच्या प्रतीसह, पोलीस ठाण्यात द्या व एक प्रत संरक्षण अधिकाऱ्यांना द्या. गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा आणि त्यानंतर न्यायालयात जा. यात विलंब नको, कारण अशा गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची असते आणि पहिल्या प्रसंगाला दहा महिने उलटले आहेत.

केवळ तुमच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा सिद्ध मानू शकते. तरीही शाळेच्या फाटकावरील नोंदवहीत शिपायाने लिहिलेली पतीच्या येण्याची वेळ मिळवा आणि ज्या फोनवर त्याचे कॉल व संदेश आले तो विकू किंवा बदलू नका.

तुम्ही विचारलेली वाढीव शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, म्हणजे पाठलागाच्या गुन्ह्यात आहे: पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, पुढच्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत. तेथे मोजली जाते ती दोषसिद्धी. पोलीस ठाण्यात लिहून घेतलेला माफीनामा नव्हे. म्हणून नातेवाइकांनी कितीही गळ घातली, तरी दाखल झालेला गुन्हा निकालापर्यंत न्या, आणि पती जामीन मागेल तेव्हा शाळेच्या परिसरात न येण्याची अट सरकारी वकिलांमार्फत आग्रहाने मागा. ती मोडल्यास जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.